दोघींच्या पायातला लाल दोरा

सिनेमाचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे तिला चौकशी म्हणत. हे नाव कटिंग मास्तरांनी ठेवलेलं. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना विचारलं होतं की राजाच्या अंगरख्याला आतून खिसा कशाला, राजाला खिशात काय ठेवायचं असतं? मास्तर म्हणाले, "राजाला नाही, नटाला. तो फोन ठेवतो." एवढ्यावर ही गप्प बसेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "मग राणीच्या झग्याला का नाही?" मास्तरांनी त्याचा सूड म्हणून तिला नाव देऊन टाकलं. ते म्हणायचे, स्टेशनातल्या चौकशी खिडकीवर लोक विचारतात आणि आतला माणूस कंटाळतो, आपल्याकडे खिडकीच विचारते आणि लोक कंटाळतात.

तिचं विचारणं कुचकं नसे. एखाद्या गोष्टीचा छडा लागल्याशिवाय तिला चैन पडत नसे, एवढंच. एकदा सेटवर कपडे घेऊन गेली तेव्हा तिने प्रेताचं काम करणाऱ्या नटाला विचारलं की मेल्यावर नाक खाजलं तर काय करता. त्याने चहा पिता पिता सगळी युक्ती समजावून सांगितली, आणि नंतर शॉट चालू असताना नेमका त्याला तो प्रश्न आठवला. प्रेत खदाखदा हसत उठून बसलं. तेव्हापासून शॉटच्या आधी तिने कुणाशी बोलायचं नाही असा सेटवर नियमच झाला होता.

हात मात्र सोन्यासारखा. सिनेमात एका पोशाखाचे दोन-तीन तरी नग लागतात. एक नटाच्या अंगावर, एक त्याच्या बदली उड्या मारणाऱ्याच्या अंगावर, एक चिखलात लोळवायला. पहिल्या नगाला कारखान्यात अस्सल म्हणत आणि बाकीच्यांना जोड. कापड एकाच ताग्यातलं, माप एकच, शिवणारी बाई एकच, तरी अस्सल हँगरला लागे आणि जोड बोचक्यात जाई. जोड फाटली तर फाटली, ती त्यासाठीच असते. दोन नग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जोड शिवून झाली की चौकशी कॉलरच्या आत लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. तिच्या टेबलावरून गेलेल्या कपड्यांत कधी घोळ झाला नाही.

मग तिला जुळ्या मुली झाल्या. मास्तरांनी सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चौकशीने घरीसुद्धा जोड काढली." सगळे हसले. रजेवरून परत आल्यावर तिला हे कळलं तेव्हा तीही हसली.

हसण्यासारखे दिवस मात्र नव्हते ते. थोरली चांगली धडधाकट जन्मली आणि लगेच दूध ओढायला लागली. तिच्यामागून काही मिनिटांनी आलेली धाकटी मुठीएवढी, निळसर, रडायचंही त्राण नसलेली. तिला तडक काचेच्या पेटीत ठेवलं. चौकशीला बाळंतपणात ताप भरला होता, ती थोरलीला घेऊन वरच्या मजल्यावर पडलेली. नवरा सिनेमात लाइटमन, त्याला सुट्टी मिळेना. तेव्हा तिची बहीण धावून आली. बहिणीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल राहत नव्हतं, राहिलं तर टिकत नव्हतं. ती त्या पेटीपाशी स्टूल टाकून बसली ती बसलीच. पेटीला हात घालायला गोल झाकणं होती, त्यातून हात घालून ती बाळाच्या तळव्यात बोट ठेवून असायची. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. चौकशीला चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं. तिने काचेतून एकदा बघितलं, मान फिरवली आणि बहिणीला म्हणाली, "ही जगली तर तुझी."

नवरा त्या सकाळी कामाला जाता जाता तिथे आला होता, त्यानेही ऐकलं. आणि धाकटी जगली.

शब्द दिला होता, तो मोडायचा नव्हता. ठरलं असं की सहा महिने आईचं दूध पाजायचं आणि मग बहिणीने मूल घेऊन जायचं. धाकटीचं नाव बहीणच ठेवणार, म्हणून दोघींचीही नावं राहून गेली. घरात नुसतं थोरली, धाकटी. लाइटमन मुळात कमी बोलणारा, जन्म उंच मचाणावर दिव्यांजवळ काढलेला. तो एवढंच म्हणाला, "तू बोलून बसलीस, आता मी काय बोलू?"

दवाखान्यातून घरी आल्यावर धाकटी हां हां म्हणता भरली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दोघी अशा सारख्या दिसायला लागल्या की शेजारीण चुकायची आणि बापही चुकायचा. चौकशीने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढला आणि धाकटीच्या डाव्या पायात सैलसर बांधला. फार विचार करून नव्हे, हात आपोआप तिकडे गेला. मग सगळं सोपं झालं. थोरलीला आधी पाजायचं, धाकटीला नंतर. थोरली शहाणी, धाकटी किरकिरी, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. धाकटीला पाजताना ती खिडकीबाहेर बघत बसे. जी जायची आहे तिच्यात जीव अडकवून घेण्यात शहाणपण नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

त्याच सुमारास कारखान्याकडे एका वेगळ्याच सिनेमाचं काम आलं. दिग्दर्शिका तरुण होती, सगळे तिला मॅडम म्हणत. गोष्ट अशी की एका जोडप्याची लहान मुलगी जाते, आणि एक डॉक्टर त्या मुलीच्या शरीराच्या एका कणापासून हुबेहूब तशीच दुसरी मुलगी घडवून देतो. क्लोन म्हणजे काय हे चौकशीला ठाऊक होतं, तशा घडवलेल्या मेंढीबद्दल तिने पूर्वी वर्तमानपत्रात वाचलं होतं. सिनेमातली आई गेलेल्या मुलीचा पिवळा फ्रॉक जपून ठेवते आणि दुसरी त्या वयाची झाली की तिला तोच घालते. ही दुसरी मोठी होते आणि तेव्हा तिला कळतं की आपण कुणाच्या तरी जागेवर वाढलो. फ्रॉकचे दोन नग हवे होते, एक कोरा आणि एक घासून, विटवून जुना केलेला.

मॅडम कापड बघायला आल्या तेव्हा चौकशी पिवळे तागे उलगडत होती. जुळ्या तिच्या टेबलाखाली चिंध्यांच्या मऊ टोपलीत झोपलेल्या.

"मॅडम, एक विचारू?"

मॅडमना कारखान्याची अजून सवय नव्हती. "विचारा की."

"जिची नक्कल काढली तिला कुणी विचारलं होतं का?"

"ती तर गेलेली असते."

"मग जी येणार होती तिला?"

"ती अजून आलेलीच नसते."

"म्हणजे दोघींपैकी एकीलाही विचारलं नाही."

पलीकडून मास्तर खाकरले. मॅडमनी तागा खाली ठेवला आणि त्या स्टूल ओढून बसल्या. "नाही विचारलं. आमचा सिनेमा तिथूनच सुरू होतो."

"मोठी झाल्यावर ती आईवर चिडते?"

"चिडते. ती विचारते, तू प्रेम माझ्यावर केलंस की माझ्या तोंडावर?"

"आणि आई काय म्हणते?"

"आईला काही सुचत नाही. त्या बाईला दुसरं मूल नकोच होतं हो. तिला तेच मूल परत हवं होतं."

"मग जे आलं ते कुणाचं?"

"तिथेच गाडी अडली आहे," मॅडम म्हणाल्या. "शेवट लिहायचा राहिलाय."

चौकशीला हे फारच आवडलं. शेवट न सापडलेली गोष्ट हातात आली म्हणजे तिच्यासारखीला मेजवानीच. त्या दिवसापासून ती शिवता शिवता प्रश्न काढायची. या दुसरीला पहिलीची स्वप्नं पडतील का? पहिली ज्या आजाराने गेली तो हिला व्हायची भीती आई रोज बाळगेल का? वाढदिवस कुणाचा करायचा? घरी गेल्यावर तिने हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "एकच पोर दोनदा पहिलीत घालायची, आई कंटाळत नाही?" आपल्या घरात दोघी सारख्या आहेत आणि त्यातली एक जायची आहे, हे तिच्या या विचारात कुठेही येत नसे. सिनेमातली मुलगी नक्कल होती. आपल्या दोघी खऱ्या आहेत, असं तिला अगदी साफ वाटे.

जुळ्यांवर मॅडमची नजर गेली नसती तरच नवल. तान्ह्या बाळाचं काम सिनेमात नेहमी जुळ्यांकडूनच करून घेतात, एक रडायला लागली की दुसरी पुढे करायची, पडद्यावर मूल एकच. शिवाय या सिनेमात एक स्वप्न होतं, आई दोन पाळणे शेजारी शेजारी बघते असं. मॅडमनी विचारलं आणि चौकशी हो म्हणाली. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "करा, पण माझीला दिव्यांखाली फार वेळ ठेवू नका." ठरलेले सहा महिने भरत आले होते, शूटिंग आटोपलं की येत्या रविवारी ती न्यायला येणार होती.

शूटिंगला आधी धाकटीला घेतलं. पाळण्यातून बाहेर आलेले इवलेसे पाय, कॅमेरा अगदी जवळ. शॉट छान झाला. तेवढ्यात नायिकेच्या झग्याचा घेर पाळण्याच्या खिळ्याला अडकून टरकन फाटला आणि चौकशीला कपड्यांच्या गाडीकडे पळावं लागलं. लाइटमन मचाणावर होता. त्याला वरून दोन डोकी दिसत होती, पाय नाही.

खाली कंटिन्युइटी बघणारी एक मुलगी होती, कामावर नवीन आणि भारी काटेकोर. आधीच्या शॉटमध्ये कपात अर्धा चहा असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो अर्धाच हवा, हे बघणं तिचं काम. धाकटीने भोकाड पसरलं म्हणून थोरलीला आणलं. मुलीने आधीच्या शॉटचा फोटो काढून बघितला. फोटोतल्या पायात लाल दोरा आहे आणि या पायात नाही. तिने चौकशीच्याच डब्यातून लाल रीळ आणलं. धाकटीच्या पायातला दोरा वापरून मळला होता, नव्याशी रंग जुळेना, म्हणून तिने तो कापून टाकला आणि दोघींच्या डाव्या पायात एकसारखा नवा दोरा, एकसारख्या गाठीने बांधला. मग शॉटमागून शॉट झाले. ही रडली की ती, ती झोपली की ही. पावडर लावणारी वेगळी, दुपटं बदलणारी वेगळी, पाळण्यात ठेवणारी वेगळी.

झगा शिवून चौकशी परत आली तेव्हा काम उरकलं होतं. मुलीने दोघींना तिच्या हातात दिलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली, "ताई, दोघींना सारखं करून टाकलंय. आता कुणाला फरक कळायचा नाही."

चौकशीने खाली बघितलं. दोन डावे पाय, दोन लाल दोरे. त्या मुलीला चार शब्द सुनावावेत असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण बोलणार काय? मुलीने तिचं काम चोख केलं होतं. चौकशीने दोघींची तोंडं निरखून बघितली आणि उजवीकडचीला म्हणाली, "ही थोरली." तोवर नवरा मचाणावरून उतरून आला होता. तो म्हणाला, "छे, ती डावीकडची." दोघेही शपथेवर सांगायला तयार होते.

घरी आल्यावर तिने दोन्ही दोरे कापले आणि तपासाला लागली. तपासात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. दोघींच्या अंगावर तीळ शोधले, एकीलाही सापडला नाही. धाकटीच्या हातावर सुयांच्या खुणा होत्या त्या केव्हाच बुजल्या होत्या. वजनात छटाकभर फरक, पण धाकटीने वजनात थोरलीला गाठलं होतं की मागे टाकलं होतं तेच नक्की नव्हतं. दवाखान्यात पायांचे ठसे घेतले होते, ते म्हणजे शाईचे दोन डाग. शूटिंगमधले शॉट मागून बघितले, त्यात तान्ह्या बाळाचे पाय होते, कुठल्याही तान्ह्या बाळाचे असतात तसे. मग तिने स्वभाव बघायचं ठरवलं. थोरली शहाणी, धाकटी किरकिरी. सकाळी तिने शहाणी ठरवलेली संध्याकाळी घर डोक्यावर घ्यायची. दोरा गेल्यावर दोघीही शहाण्या झाल्या आणि दोघीही किरकिऱ्या.

एक अडचण तर तिने मुळीच हिशेबात धरली नव्हती. पाजायला एकीला घेतलं की ती आता खिडकीबाहेर बघू शकत नव्हती. न जाणो, हीच थोरली असली तर? म्हणून ती बघायची. मग दुसरीला घ्यायची आणि तिच्याकडेही बघायची, कारण तीही असू शकत होती. एकीला दूध पिताना आईच्या गाऊनचं बटण धरायची सवय होती. ती दूध पिता पिता मधेच थांबायची, बटण धरूनच वर बघायची आणि मग परत प्यायची. ही सवय धाकटीची असेल तर ती पूर्वीपासून असणार, आणि आपण ती कधी बघितलीच नाही, हे चौकशीच्या लक्षात आलं. त्या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली.

नवऱ्याने त्याच्या परीने मार्ग काढला. "सांगू नकोस तिला. एक नेईल, एक राहील. ठरल्याप्रमाणेच झालं."

"ठरल्याप्रमाणे कसं?"

"त्यांना कळणार नाही. आपल्याला कळत नाही. पोरींना तर कशाचाच पत्ता नाही. मग नुकसान कुणाचं?"

आयुष्यभर प्रश्न विचारत आलेल्या बाईला एवढा साधा प्रश्न सुटेना. नुकसान कुणाचंच दिसत नव्हतं, तरी मन घेत नव्हतं. तिला वाटलं, याचं उत्तर असलंच तर ते मॅडमकडे असेल. पिवळा फ्रॉक द्यायला गेली तेव्हा तिने स्वतःचं नाव न घेता विचारलं.

"मॅडम, तुमच्या सिनेमातली पहिली मुलगी गेलीच नसती तर? दोघी शेजारी शेजारी असत्या, तर त्या बाईला कोणती कोण ते कळलं असतं?"

"ती म्हणाली असती, मला कळतं. आई आहे ना."

"आणि खरंच नसतं कळलं तर?"

मॅडमनी फ्रॉकची घडी मांडीवर घेतली. "तर मग एक खरी आणि एक नक्कल असं म्हणताच आलं नसतं. नुसत्या दोन मुली." त्या स्वतःशीच हसल्या. "माझा सिनेमाच उरला नसता हो."

मॅडमनी सिनेमाबद्दल सांगितलं होतं. चौकशी मात्र बसमध्ये बसल्यावर पूर्ण वेळ एकाच शब्दाशी अडून राहिली. मास्तर गमतीने जोड म्हणाले होते. ती हसली होती, कारण तिलाही ते तसंच वाटत होतं.

रविवारी दुपारी बहीण आणि तिचा नवरा आले. बहिणीने नवी दुपटी आणली होती, टोपडी आणली होती, नवऱ्याच्या हातात कुणाची तरी मागून आणलेली बाळाची खुर्ची होती. बहिणीचं तोंड नुसतं उजळलं होतं. दिवाणावर दोघी शेजारी शेजारी पडल्या होत्या, एकसारख्या झबल्यांत, कारण आई दुसरं शिवणार काय. बहिणीने पायांकडे बघितलंही नाही. ती थेट खिडकीकडच्या बाळापाशी गेली आणि तिला उचललं. "ताई, बघ. ओळखलं मला. बोट कसं धरलंय बघ."

चौकशीने बघितलं. तिच्या मनात आलं, ही तर थोरली. मग वाटलं, कशावरून? आणि मग तो जुना किडा वळवळला. आपल्याला कळत नाही, नवऱ्याला कळत नाही, पण ही रात्रंदिवस त्या पेटीपाशी बसली होती. हिला खरंच कळत असेल तर? तसं असेल तर सगळा प्रश्नच मिटला.

बहीण बाळाला खाली ठेवून हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. तिचा नवरा गॅलरीत लाइटमनशी बोलत होता. चौकशीने खिडकीकडची उचलून भिंतीकडे ठेवली आणि भिंतीकडची खिडकीकडे.

बहीण पदराला हात पुसत आली, वाकली आणि खिडकीकडचं बाळ उचललं. "आले गं आले. एवढ्यात हसायला लागली बघ ताई. दुसऱ्या कुणाकडे अशी हसते का ही?"

चौकशीने तिला थांबवलं. "तू मघाशी घेतली होतीस ती ही नाही."

"म्हणजे?"

"तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी जागा बदलल्या."

बहिणीला आधी थट्टाच वाटली. "कशाला?"

"तुला तरी कळतं का ते बघायला."

मग तिने सगळं सांगितलं. दोरा, ती काटेकोर मुलगी, दोन सारख्या गाठी, घरचा तपास. बहिणीच्या हातातलं बाळ तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होतं. बहिणीने हळूच ती साखळी सोडवून घेतली आणि बाळाला दिवाणावर ठेवलं.

"तू मला परीक्षेला बसवलंस," ती म्हणाली.

"मी तुझ्या आधी बसले होते. मीही नापास झाले."

बहिणीचा नवरा दारात येऊन ऐकत होता. भला माणूस. तो म्हणाला, "ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. कोणतीही एक द्या. आम्हाला दोघी सारख्याच."

"मलाही," चौकशी म्हणाली. "तेच तर होऊन बसलंय."

"मग अडचण काय आहे?" बहिणीने विचारलं. तिचा आवाज आता बदलला होता.

"ही जगली तर तुझी, असं म्हणाले होते मी. थोरलीबद्दल मी हे कधी म्हणाले असते का? मी तुला मूल देत नव्हते गं. जी हातची जाणार असं वाटत होतं ती मी तुझ्या पदरात टाकली. जगली, घरी आली, तरी मी तिच्याकडे धड बघितलं नाही. तिला वेगळी ठेवली म्हणून द्यायला तयार झाले. आता वेगळी कोणती तेच कळत नाही, म्हणून दोघींकडे बघावं लागलं. आणि बघितल्यावर..." तिने डोळे पुसले. "माझ्याकडे आता देण्यासारखी कुणी उरली नाही."

गॅलरीतून लाइटमन आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोच्या विरुद्ध तो गेला नाही.

बहिणीने दोन्ही बाळांकडे बघितलं. "आणि माझी?" ती म्हणाली. "मी जिच्यापाशी बसले होते ती? भोकातून हात घालून बसायचे मी. हात बधिर व्हायचा, तरी काढायचे नाही, कारण तिने बोट धरलेलं असायचं. तुझं नव्हतं धरलं, माझं धरलं होतं. तू वर होतीस. ती यातलीच एक आहे ना? मग माझी कोणती, हे मी कुणाला विचारू?"

बहीण बोलत होती त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. धाकटीला कुणी आपलं म्हणून जगवलं असेल तर ते हिने.

"मला माहीत नाही," चौकशी म्हणाली.

बहिणीने दुपटी पिशवीत भरली. टोपडी मात्र दिवाणावर राहू दिली, दोन्ही. तिचा नवरा बाळाची खुर्ची घेऊन आधीच जिन्यापाशी गेला होता. चौकशी दारापर्यंत तिच्या मागे आली. बहीण चपला घालत होती, एवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. दोघी एकदम वळल्या. बहिणीचा एक पाय चपलेतून निघून उंबऱ्याच्या आतसुद्धा पडला होता. तो तिने मागे घेतला.

"जा," ती म्हणाली. "तुझी रडतेय."

चौकशी आत पोचेपर्यंत दुसरीनेही सूर धरला होता. तिने दोघींना उचललं आणि दोन्ही खांद्यांवर एक-एक घेऊन ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. जिन्यावरून बहिणीची पावलं खाली उतरत होती. बहिणीसाठी तिचा जीव तुटत होता, पण तिने हाक मारली नाही.